इसोकेनच्या बदल्यात मिळालेली परात

मित्रांनो, मी पितळेची एक जुनी परात आहे आणि मला साखरेची किळस येते. परातीने अशी तक्रार करावी, हे तुम्हांला विचित्र वाटेल. तुमच्या घरी माझ्यासारखीत कणीक मळतात, पोहे भिजवतात, दिवाळीत चिवडा कालवतात. मीही अशाच एखाद्या स्वयंपाकघरात झिजून गेले असते तर बरे झाले असते. पण माझ्या नशिबात वेगळेच होते. ते मी आज तुम्हांला सांगणार आहे. ऐकताना तुम्हांला बरे वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपातल्या एका नदीकाठच्या गावात झाला. लाम्बर्ट नावाच्या तांबटाने मला घडवले. त्याआधी तो शेजाऱ्यांसाठी दुधाची भांडी करी, देवळासाठी समया आणि मेणबत्त्यांची घरे करी. कोणते भांडे कोणाच्या चुलीवर चढणार, हे त्याला ठाऊक असे. एखादे गळू लागले तर बाया ते घेऊन परत त्याच्याच दारात येत आणि तोही हसत डाग लावून देई.

मग बंदरातून एक व्यापारी आला. त्याला एकाच मापाच्या पराती हव्या होत्या. दहा-वीस नव्हे, हजारो.

“एवढ्या परातींत कोण जेवणार?” लाम्बर्टने विचारले.

“ते तुला कशाला? जहाजावर चढल्या की तुझं काम संपलं,” व्यापारी म्हणाला.

लाम्बर्टने पुन्हा विचारले नाही. गावात कोणीच विचारले नाही. नदीवर पाण्याच्या जोरावर उचलले जाणारे मोठे हातोडे बसले. भट्ट्यांना कोळसा लागतो म्हणून टेकडीवरचे जंगल तोडले गेले. व्यापाऱ्याने दगडी घर बांधले. पूर्वी त्या गावात साखर फक्त औषधवाल्याकडे, कुलपात असे; आजाऱ्याला चिमूटभर मिळे. आता व्यापाऱ्याच्या मेजावर साखरेचे किल्ले आणि हंस मांडले जाऊ लागले. त्याची बायको एकदा कारखाना पाहायला आली होती. ती हसली तेव्हा तिचे दात काळे पडलेले दिसले. गावातल्या इतर बायांना त्या काळ्या दातांचा हेवा वाटे, कारण तेवढी साखर खाणे सगळ्यांना परवडत नसे. मला मात्र ते तोंड पाहून कसेसेच झाले. लाम्बर्टचे स्वतःचे घर होते तसेच राहिले. फक्त हातोड्यांच्या आवाजाने त्याला ऐकू येईनासे झाले.

मला एकात एक अशा अठ्ठेचाळीस परातींबरोबर गवतात बांधून जहाजात चढवले. निघण्यापूर्वी धर्मगुरूने जहाजावर मंतरलेले पाणी शिंपडले. त्याचे दोन थेंब माझ्या कडेवरही पडले. त्या थेंबांनी मला पुढे हिरवे डाग पडले, दुसरे काही झाले नाही.

वाटेत खलाशांच्या बोलण्यातून मला सगळे कळले. आफ्रिकेच्या जवळच्या बेटांवर उसाचे मळे लावले होते. महासागरापलीकडे नवा खंड सापडला होता आणि तिथेही ऊस लावायचा होता. उसाला हात लागतात. ते हात आणायला आम्ही निघालो होतो.

आफ्रिकेच्या पश्चिमेला, गिनीच्या किनाऱ्यावर एका नदीच्या मुखाशी जहाज थांबले. तिथल्या वस्तीचा मुखिया ओसागी नावाचा होता. पूर्वी तो जहाजवाल्यांना मिरे, हस्तिदंत आणि वस्तीत विणलेले सुंदर कापड देई. पुढे पुढे जहाजवाले कापडाकडे पाहीनासे झाले. त्यांना फक्त माणसे हवी होती. आधी शेजारच्या प्रदेशातल्या लढाईतले कैदी आले. कैदी पुरेनात, तेव्हा कैद्यांसाठी लढाया होऊ लागल्या. मग गावातल्या गावात शिक्षा बदलल्या. पूर्वी शेळी चोरली तर सुरणासारख्या कंदांच्या दोन टोपल्या दंड असे. आता चोराला जहाजावर धाडत. कोणाला कोणाचा काटा काढायचा असला, की तो त्याच्यावर चेटकाचा आळ घेई. बायका एकट्या पाण्याला जाईनाशा झाल्या. त्याच जहाजांनी पलीकडच्या खंडातून मका आणला होता. मका तिथे छान रुजला, कणग्या भरल्या. आणि भरलेल्या कणग्यांच्या गावातून खाणारी माणसे एकेक करून कमी होऊ लागली.

त्या वस्तीत अदेसुवा नावाची एक विधवा मडकी घडवून पोट भरत असे. पितळेच्या पराती आल्यापासून तिच्या मडक्यांना गिऱ्हाईक राहिले नव्हते. तिची मुलगी इसोकेन अकरा वर्षांची होती. एका दुपारी तिने ओसागीच्या शेतातून मक्याची चार कणसे तोडली आणि ती पकडली गेली.

ओसागीने तिला किनाऱ्यावर नेले. एका खलाशाने तिचे तोंड उघडून दात पाहिले. मी पाहत होते. माझी प्रत कळावी म्हणून लाम्बर्टही मला असाच बोटाने टिचकी मारून बघत असे. खलाशाने मान हलवली आणि दोन पराती वाळूवर ठेवल्या. त्यांतली एक मी होते.

मित्रांनो, इसोकेन ओरडली नाही. ती मागे वळून बघत होती, आई येते का म्हणून. आई तेव्हा माती आणायला दूरच्या ओढ्यावर गेली होती.

ओसागीच्या घरात आमच्यासारख्या पराती आधीच चळत लावून ठेवलेल्या होत्या. त्यांत कोणी काही शिजवत नव्हते, धूत नव्हते. पाहुणा आला की दार किलकिले करून त्याला त्या दाखवायच्या, एवढाच त्यांचा उपयोग. मला त्या अंधाऱ्या खोलीची शिसारी आली. आमच्यातल्या प्रत्येकीच्या जागी कुठले तरी एक घर रिकामे झाले होते आणि आम्ही तिथे नुसत्या बसून होतो.

तिसऱ्या दिवशी अदेसुवा ओसागीच्या अंगणात येऊन उभी राहिली.

“माझी मुलगी दिलीस, त्याचं काय मिळालं ते मला दाखव,” ती म्हणाली.

ओसागी दुष्ट दिसत नव्हता. तो थकलेला दिसत होता. “मी दिली नसती तर दुसऱ्या कोणी माझी दिली असती,” तो म्हणाला. मग आत जाऊन त्याने मला आणले आणि तिच्या पायांशी टाकले. “घे. अर्धा वाटा तुझा.”

अर्धा वाटा! पाचशे वर्षे झाली, पण ते शब्द आठवले की माझा पत्रा अजून थरथरतो.

अदेसुवाने मला उचलले. मला वाटले, ती मला दगडाने ठेचेल. तसे झाले असते तर मी धन्य झाले असते. पण तिने मला घरी नेले. माझ्यात इसोकेनची लाकडी फणी ठेवली, मण्यांची माळ ठेवली आणि एक लहानसे वेडेवाकडे मडके ठेवले. ते मुलीने स्वतः केलेले पहिले मडके होते, त्यावर तिच्या बोटांचे ठसे होते. मग घरामागे खड्डा खणून तिने मला पुरले. मुलीचे प्रेत नव्हते, म्हणून प्रेताच्या जागी मी. तिने सगळे विधी केले, सगळी रडणी रडली. त्यानंतर माझ्यावर माती पडली.

मातीत मी शांत होते. फणी कुजली, माळेचा दोरा कुजला. मडके टिकले. मी त्याला धरून होते.

काही वर्षांपूर्वी तिथे रस्ता करायला यंत्रे आली. माती उलटली आणि मी उजेडात आले. ज्या माणसाने मला उचलले, त्याने मडके निरखून पाहिले, ‘फुटकं आहे’ म्हणाला आणि फेकून दिले. मणी त्याने खिशात टाकले. मला पोत्यात भरले. तिथून मी एका दलालाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जात शेवटी शारजातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात आले. माझ्याबरोबर एक कागद होता. त्यावर लिहिले होते, ‘पश्चिम आफ्रिका. थडग्यातून काढलेली. हिरवी झाक उत्तम.’

त्या दुकानातून मला उल्हास खांबेटे यांनी विकत घेतले. उल्हास आणि त्यांच्या पत्नी वासंती दुबईत केटरिंग आणि सजावटीचा व्यवसाय करतात. अल क्वोजमध्ये त्यांचे गोदाम आहे. तिथे प्लास्टिकच्या केळी, लग्नाच्या मांडवाचे खांब आणि दोनशे सोनेरी खुर्च्या यांच्यामध्ये मला जागा मिळाली.

“आठशे दिरहम,” उल्हास खुशीत म्हणाले. “म्हणजे एकोणीस हजारांच्या वर. पण पीस बघ!”

“एवढ्यात माझी दोन मोठी पातेली आली असती,” वासंतीबाई म्हणाल्या. तरी त्यांनी मला चिंच आणि मीठ लावून स्वतः घासले. पाचशे वर्षांची हिरवी साय निघून गेली. मी पुन्हा चकाकू लागले. मला नागडे केल्यासारखे वाटले.

लवकरच माझे काम ठरले. जहाज वाहतुकीच्या एका कंपनीला शनिवारी आपल्या पाहुण्यांसाठी ब्रंच द्यायचा होता. विषय होता ‘शोधयुगाची मेजवानी’, म्हणजे युरोपची जहाजे नवे देश शोधत निघाली त्या काळाची. कार्यक्रम सांभाळणाऱ्या इशिता नावाच्या व्यवस्थापक बाई गोदामात येऊन मला पाहून गेल्या. “परफेक्ट! डेझर्ट काउंटरच्या सेंटरला हीच. ब्राउन शुगर भरा, वरती चॉकलेट्स,” असे त्या म्हणाल्या. माझ्यापुढे ठेवायचे कार्डही त्यांनी छापून पाठवले. ‘युरोप आणि आफ्रिका यांच्या मैत्रीची भेट.’

मैत्रीची!

उल्हास आणि वासंती यांची मुलगी मिहिका ऊद मेथातल्या एका भारतीय शाळेत दहावीत आहे. तिला इतिहासाचा प्रकल्प होता: अटलांटिक महासागरापलीकडे ये-जा सुरू झाल्यावर युरोप आणि आफ्रिका कसे बदलले. तिने त्याला नाव दिले होते ‘द ग्रेट एक्स्चेंज’, म्हणजे मोठी देवाणघेवाण. मका, बटाटा, मिरची, साखर अशी चित्रे तिने चिकटवली होती. गुरुवारी शाळेतून ती थेट गोदामात आली. प्रकल्पासाठी तिने माझे फोटो काढले आणि फोटोखाली काय लिहायचे म्हणून दुकानदाराचा कागद मागून घेतला.

“बाबा, धिस इज फ्रॉम अ ग्रेव्ह!”

“अगं, जुनी वस्तू म्हणजे मातीतूनच निघणार,” उल्हास फोनवरून नजर न काढता म्हणाले.

“माती नाही. ग्रेव्ह. समबडीज ग्रेव्ह.”

वासंतीबाई शेजारी वाट्या मोजत होत्या. त्या थांबल्या. “थडग्यातलं भांडं? आणि त्यात मी परवा खायचं मांडणार?”

“लायनर टाकू ना आतून. फूड ग्रेड.”

“लायनर टाकल्याने काय होतं, उल्हास?”

उल्हास पुन्हा फोनकडे वळले. मिहिका मात्र घरी जाऊन वाचत बसली असावी. शुक्रवारी ती पुन्हा आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. जहाजांवरच्या मालाच्या जुन्या याद्यांविषयी तिने वाचले होते. तांब्यापितळेची भांडी दिली आणि माणसे घेतली, असे त्यांत असते.

“आय थॉट दे गेव्ह स्पायसेस,” ती म्हणाली. “बाबा, दे पेड फॉर पीपल विथ दीज. हे टेबलवर नको ठेवू.”

“पाचशे वर्षं झाली त्याला, मिहिका. तेव्हा आपण होतो का तिथे? सेटअपचा फोटो अप्रूव्ह झालाय. आपण नाही दिली तर ती बाई दुसऱ्याकडून आणेल. खलास.”

हा आवाज मी ओळखला. तो दुष्ट माणसाचा आवाज नव्हता. थकलेल्या, संसारी माणसाचा होता. ओसागीही असाच बोलला होता. मित्रांनो, त्या दिवशी मला ज्याची सर्वांत जास्त घृणा आली, ते हे साधर्म्य होते.

शनिवारी दुपारी मला खाडीकाठच्या एका हॉलमध्ये पांढऱ्या कापडावर ठेवले. माझ्यात प्लास्टिकचे लायनर पसरले आणि त्यावर तपकिरी साखर ओतली, किलोच्या किलो. ज्या साखरेसाठी इसोकेनला नेले, तीच साखर. तिच्यावर चॉकलेटे मांडली. हॉलमध्ये उकडत होते. चॉकलेटे पाझरू लागली, साखर चिकट झाली. पाहुणे बोटे चाटत आणि त्याच बोटांनी पुन्हा घेत. एका गृहस्थाने माझ्या कडेवर खाऊन झालेली काडी ठेवली. दुसऱ्या एका बाईंनी माझ्याशेजारी गाल टेकवून फोटो काढला. मला ओकारी येण्याची सोय असती तर मी तिथेच ओकले असते.

काउंटरवर वाढायला ब्लेसिंग होती. ती नायजेरियाची, लागोसची. दोन वर्षे खांबेट्यांकडे काम करत होती. आखाती हिंदी ती झकास बोलत असे. मिहिकाही आईला मदत करायला आली होती. गर्दी थोडी कमी झाली तेव्हा तिने माझ्यापुढचे छापील कार्ड काढले आणि स्वतःच्या हाताने लिहिलेले दुसरे ठेवले. त्यावर इंग्रजीत दोनच ओळी होत्या. ‘अशा भांड्यांच्या बदल्यात माणसे विकत घेतली जात. हे भांडे कोणाच्या तरी थडग्यातून काढलेले आहे.’

ब्लेसिंगने ते वाचले. पुन्हा वाचले. मग तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

“मॅडम,” ती वासंतीबाईंना म्हणाली, “इसमें से मैं नहीं देगी.”

तेवढ्यात इशिता तिथे पोहोचल्या. “व्हॉट इज धिस? कोणी ठेवलं हे कार्ड? उल्हासजी! हे हटवा आत्ता. आणि हिला सांगा सर्व्ह करायला, नाही तर दुसरी मुलगी उभी करा. यल्ला, लवकर!”

उल्हास धावत आले. त्यांनी कार्ड उचलून वाचले आणि खिशात घातले. ब्लेसिंगकडे न बघता ते हळू आवाजात म्हणाले, “ब्लेसिंग, सिर्फ़ एक घंटा. प्लीज़.”

“सर, मेरे को नोकरी का डर है,” ब्लेसिंग म्हणाली. “फिर भी नहीं.” आणि तिने एकेक बोट मोकळे करत हातमोजे काढले.

 उल्हास घाम पुसत उभे होते. समोर वर्षभराची कामे देऊ शकणारी बाई होती आणि बाजूला त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्याकडे बघत होती.

मग वासंतीबाई पुढे आल्या. त्यांनी पदर खोचला आणि माझी एक कड दोन्ही हातांनी धरली.

“उल्हास, पलीकडून धर,” त्या म्हणाल्या.

“वासंती, नको. काँट्रॅक्ट जाईल.”

“जाऊ दे. मला यातलं कोणाच्या तोंडात जायला नको. धर म्हणते ना!”

क्षणभर उल्हासांचा हात हवेतच राहिला. मग त्यांनी माझी दुसरी कड धरली. दोघांनी मला मागच्या दाराने बाहेर नेले आणि सगळी साखर काळ्या पिशवीत उपडी केली. लायनरही गेले. वासंतीबाईंनी नळाखाली धरून मला आतून-बाहेरून धुतले.  धुऊन झाल्यावर त्यांनी हातही दोनदा धुतले.

असे काही झाले की सगळे चांगले होते, असे तुम्हांला वाटेल. तसे झाले नाही. इशिता बाईंनी पुढची कामे काढून घेतली.  ब्लेसिंगची नोकरी राहिली, पण पुढच्या दोन कार्यक्रमांत तिला पाहुण्यांसमोर न ठेवता मागे भांड्यांवर ठेवले. मिहिका त्यावरून बापाशी कडाडून भांडली, तेव्हा ती पुन्हा पुढे आली.

मला घरात ठेवायला वासंतीबाई तयार नाहीत. “पाप आहे ते. नजरेसमोर नको,” असे त्या म्हणतात. एक हॉटेलवाला मला दीडपट किमतीला मागत होता. उल्हास मला गुंडाळून गाडीपर्यंत घेऊनही गेले होते. मग गाडीशेजारी बराच वेळ उभे राहिले आणि मला परत आत घेऊन आले. का, ते त्यांनी कोणाला सांगितले नाही.

मिहिकाने प्रकल्पाचे नाव खोडले. नवे नाव तिला सुचले नाही. वरची ओळ कोरी ठेवूनच तिने तो दिला. शिक्षकांनी त्याचे दोन गुण कापले. आता ती नायजेरियातल्या संग्रहालयांना पत्रे पाठवते. एका ठिकाणाहून उत्तर आले आहे. त्यांनी माझ्या तळाचे फोटो आणि दुकानदाराचा कागद मागितला आहे. मी नेमकी कुठल्या गावाची, हे कदाचित कधीच कळणार नाही, असेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिले आहे. मिहिकाने ब्लेसिंगला विचारले, “इट शुड गो बॅक, राइट?” ब्लेसिंग म्हणाली, “बेबी, जाएगा तो अच्छा. लेकिन जो गया, वो तो गया.”

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची काळजी घ्या, असे तुम्हांला सगळेच सांगतात. मीही सांगते. पण आम्हांला घासून लखलखीत केले आणि पुढे छान कार्ड ठेवले म्हणजे काळजी घेतली, असे समजू नका. काचेच्या कपाटात किंवा एखाद्या सजवलेल्या मेजावर माझ्यासारखी वस्तू दिसली, तर ती किती सुंदर आहे हे बोलण्याआधी विचारा, ती कोणाची होती आणि ती देऊन काय नेले. उत्तर ऐकून तुम्हांला किळस आली, तर घाबरू नका आणि तोंडही फिरवू नका. थोडा वेळ तिथेच उभे राहा.